आवळत जाणारे चौकोन

चादरीची नक्षी काढायचा ग्राफ
चिलवेरी मास्तरांकडं मागितला, तर म्हणाले,
"ह्यात चौकोन सगळे सारखे असतात. चालतील?"
नाही चालत.
माझ्या कागदावर एक ते दोन बोटभर लांब
आणि नऊ ते दहा जेमतेम नखाएवढं,
मग पुन्हा तेच, पहिल्यापासून.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
"आवळत चाललेत की गं. फणी बिघडल्यागत."

अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना,
आठ-आठच्या सहा रांगा, मेन ब्रेकर एक.
त्या आठवड्यात तिसऱ्यांदा, रात्रपाळीला,
अख्खी शेड काळी झाली.
मागांचा खडखडाट थांबला की इथं
झोपलेला माणूस दचकून उठतो.
मालक म्हणाले, मोठा ब्रेकर टाक.
मी म्हटलं, एक दिवस द्या.

बटर पेपरवर दोन्ही वक्र उतरवून घेतले.
आडवा करंट, उभा वेळ.
डावीकडं वर, जिथं करंट जरासाच जास्त,
तिथं ब्रेकर भलता सोशिक:
दोन धातूंची पट्टी तापते, वाकते,
तासभर घेते, कधी दोन.
मग रेघ उतरत येते, उतरत येते,
आणि एका जागी कडाच.
तिथं पट्टीला कुणी विचारत नाही,
चुंबक ओढून मोकळा होतो
सेकंदाच्या शंभराव्या भागात.

रेघ तरी कसली, पट्टा आहे,
लुगड्याच्या काठाएवढा रुंद.
ह्या काठापासून त्या काठापर्यंत
कुठंही पडेन, एवढंच तो सांगतो.
ह्याहून नेमकं सांगितलं असतं
तर मी विश्वास ठेवला नसता.

आणि तळाला बारीक अक्षरात: चाळीस अंशाला.
मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली, पॅनेलच्या पेटीत
मी स्वतः बावन्न मोजलंय.
म्हणजे वरचा सगळा सोशिक भाग
सोलापुरात डावीकडं सरकतो.
माणसंही सरकतात.
दुपारी तीनला कोण कुणावर
किती वेळात भडकेल,
त्याचा कागद कुणी छापत नाही.

दोन्ही कागद एकावर एक, ट्यूबलाइटसमोर धरले.
आधी पटी मोडून अँपिअर केले.
त्रेसष्टचं पाचपट वेगळं, अडीचशेचं वेगळं;
माझ्या आधीचा इथंच चुकला होता,
पटीवर पट ठेवून
"दोघांत भरपूर अंतर" असं लिहून गेला.
अंतर होतं, वरती.
खाली, पंधराशेच्या आसपास,
मेनचा कडा रांगेच्या पट्ट्याशेजारी
येऊन उभा होता.
तीन नंबरच्या रांगेत, मागाच्या पायाला घासून
केबल कुठंतरी सोलली होती;
ठिणगी पडली की दोघांना एकदमच ऐकू जायचं,
आणि दोघंही धावायचे.

मेनची तबकडी पाचावर होती,
खोक्यातून निघाली तशी, चार वर्षं.
स्क्रूड्रायव्हर घातला, दहावर नेली.
अर्ध्या मिनिटाचं काम.
"एवढ्यासाठी दिवस?" मालक म्हणाले.

केबल शोधली, दोन ठिकाणी सापडली, बदलली.
तिसरी सापडली नव्हती
हे चौथ्या रात्री कळलं.
गड्डम टॉर्च घेऊन आला, घामानं निथळत:
"सगळ्यांचं चालू, माझेच आठ बंद.
माझ्यावरच का राग, मॅडम?"
मला हसू आलं, त्याला दिसू दिलं नाही.
पाच रांगा खडखडत होत्या,
त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं.
मेनचा दांडा वरच होता.

बटर पेपर चिलवेरी मास्तर मागून घेऊन गेले.
टॉवेलच्या काठाला असा उतार बरा दिसेल म्हणाले.
काल विचारलं, तर म्हणे बसत नाही चौकोनात;
वरचा भाग येतो कसाबसा,
कड्याशी धागे तुटतात.
अजून काढतायत.