तार माझ्या हातात असते

डॉक्टर वर्षभरासाठी येतात, आणि जातात.
मी एकोणीस वर्षं इथंच, तेमुकोच्या या खोलीत,
अंगात शिशाचा एप्रन, गळ्याला शिशाची पट्टी
आणि हातात साडेचार मीटर तार.
दुर्बीण डॉक्टरची. तार माझी.
आधीच सांगून ठेवते,
कारण कागदावर माझी सही कुठंच नसते.

जूनमध्ये शहर लाकडाच्या धुरात बुडतं.
बाया येतात डोंगराकडच्या गावांतून,
डोळे हळदीचे, हात उजव्या बरगडीखाली.
आमच्याकडं बायकांच्या पोटात खडे असतात
जसे नदीत असतात. कुणी नवल करत नाही.
आईला होते. मावशी त्यातच गेली.

यंदाचा फेलो बास्तियान ओयार्सून,
उत्तरेच्या वाळवंटातला, सदा गारठलेला.
तीन हजार जठरं पाहून आला होता
समोर बघणाऱ्या दुर्बिणीनं.
ही दुर्बीण समोर बघत नाही.
बसच्या खिडकीशी बसलेल्या पोरासारखी
ही बाजूला बघते;
जायचं पुढं, आणि दिसते भिंत.
महिनाभर तो नुसता चाचपडला.
"मनगट नको, कंबर वळव," डॉक्टर ग्रिसेल्दा म्हणाल्या.
"नाचता येतं का?"
नाही म्हणाला.
ते दिसतच होतं.

मग एकदाचं सापडतं,
आतड्याच्या घडीखाली
मसुरीएवढं तोंड.
आत दोन वाटा.
घड्याळातल्या अकराच्या दिशेनं पित्ताची, तिकडं जायचं.
एकच्या दिशेनं स्वादुपिंड.
तिथं कुणीतरी निजलंय असं समजायचं,
पाय न वाजवता मागं फिरायचं.

ऑगस्टात एर्मिंदा लेविकेओ आली. वय चौतीस, रोपवाटिकेत कामाला.
तार तीनदा गेली एकच्या वाटेनं.
डोळ्यांआधी माझ्या बोटांना कळतं:
पित्ताची वाट सैल लागते,
ही आवळते.
मी म्हटलं, "डॉक्टर, ही ती नव्हे."
"अजून एकदा," तो म्हणाला.
हे शब्द मी अकरा जणांच्या तोंडून ऐकलेत.
बाईंनी दुर्बीण काढून घेतली तेव्हा
उशीर झाला नव्हता असं नाही.

रात्री तिचं पोट पार पाठीपर्यंत पेटलं.
तो खाटेशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
दुसऱ्या रात्रीही. आठव्याही.
समोर तिचा नवरा, कागदात उकडलेले पिन्योने घेऊन,
एकेक सोलत.
"ते माझ्या हातून झालं," बास्तियान म्हणाला.
नवरा बराच वेळ सोलतच राहिला.
मग अर्धे त्याच्यापुढं सरकवले.

बाराव्या दिवशी ती सूप प्याली,
मग घरी गेली.
सगळ्या जात नाहीत.

ऑक्टोबरातली म्हातारी तर नाव सांगायच्याही शुद्धीत नव्हती.
दुसऱ्यांदा तार एकच्या वाटेला लागली.
माझी बोटं आखडली,
मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच थांबला.
"बाई, तुम्ही घ्या."
खोलीत फक्त नाडीचं यंत्र बोलत होतं.

त्या दिवशी वहीत त्याच्या नावापुढं 'अपूर्ण' लागलं.
दोनशेतली एक कमी.
पेन खिशात ठेवता ठेवता
डॉक्टर ग्रिसेल्दांनी माझ्याकडं पाहिलं,
समोरून नाही, बाजूनं.

संध्याकाळी दुर्बीण धुवायची असते.
टोकाशी तार उचलणारी एक चिमुकली पट्टी आहे,
तिच्यामागं खाच.
दिसत नाही ते तिथंच राहतं,
आणि उद्याच्या पोटात जातं.
अकरा जणांपैकी एकही इकडं फिरकला नव्हता.
हा आला, बाह्या वर करून उभा राहिला.
"दाखवा," म्हणाला.
मी ब्रश दिला.
"उलट्या बाजूनं आधी," म्हटलं.
पाणी फार गार होतं, आणि त्याला घाई नव्हती.