ळ

त्रिंबकराव धैर्यवान गेले.
बातमी मीच जुळवली, दुसऱ्याच्या छापखान्यात.
पैका टाइप, सात ओळी, काळी चौकट.
वय त्रेसष्ट. संपादक, प्रकाशक, मालक, ‘कंदील’ साप्ताहिक, खेतवाडी.
बाकीचं मावलं नाही.

बाकीचं म्हणजे असं, की
हा माणूस सकाळी छत्री काखोटीला मारून निघायचा
आणि चाळी मोजायचा.
मजले, बिऱ्हाडं, मोऱ्या, नळ.
दुपारी घामानं भिजलेला कागद माझ्यापुढे :
बिऱ्हाडं एकशे चाळीस, नळ एक, तोही कोरडा,
आणि मालकाचं नाव जाड ठशात.
‘लांबून वाचता आलं पाहिजे रे.
भाडं मोजताना चष्मा लागत नाही त्यांना.’

पहिल्या यादीला लोक हसले.
दुसरीला वकिलाची नोटीस आली.
तिसरीत त्यांचे सासरे होते.
मी खिळा चिमटीत धरून थांबलो.
‘काय झालं?’
‘काही नाही.’
‘मग जुळव.’
त्या दिवाळीला वहिनींना माहेरचं बोलावणं आलं नाही.
त्यांनी छापखान्यात चकल्या पाठवल्या, जरा जळलेल्या.

चौथ्या यादीतली अकरावी चाळ माझी होती.
त्यांना ठाऊक नव्हतं.
मी राहतो कुठे, हे नऊ वर्षांत विचारलंच नव्हतं त्यांनी.
मीही बोललो नाही. जुळवली.
आठ दिवसांत माझी वळकटी जिन्याखाली.
छापखान्यातच झोपू लागलो, तेव्हा म्हणाले,
‘घरी भांडण झालं का रे?’

म्हणून त्या रात्री मी तिथे होतो.
सहाजण, तोंडाला फडकी.
मला खांबाला बांधलं, मारलं नाही फारसं.
खिळ्यांच्या केसा एकेक उपसल्या
आणि मागच्या विहिरीत ओतल्या.
आधी जोंधळे सांडावेत तसा आवाज,
मग काहीच नाही.

माझगावहून कोळ्याचं पोर आणलं, तीन दिवस बुड्या मारायला.
निघालं ते गोणपाटावर वाळत घातलं.
अ मिळाला, क मिळाला, ज्ञसुद्धा मिळाला, ज्याचं कधी काम पडत नाही.
ळचं घर रिकामं.
फाउंड्रीची उधारी आधीच तुंबलेली, नवे खिळे कोण देतो?

‘ल लाव,’ ते म्हणाले.

सात आठवडे ‘कंदील’ बोबडा निघाला.
चाल. नल. गोंधल.
काळ होता तो काल झाला.
‘रोगाचे मूळ शोधा’ असं लिहून दिलं होतं,
छापून आलं, रोगाचे मूल शोधा.
ते तर खोलीखोलीत होतंच, शोधायला कशाला हवं.
अंक दुप्पट खपला. पोरं गल्लीतून ओरडत जायची,
नल द्या, नल द्या!
अग्रलेखाच्या तळाशी दर खेपेला एक वाक्य :
‘आमचे एक अक्षर विहिरीत आहे. चालींत नल आले की ते काढू.’

आले का?
पाच चाळींत आले.
माझ्या नाही.

‘कंदील’ पुढे कर्जात विझला. तेही सांगून झालंय सगळ्यांना.
मग डासांपायी विहिरी बुजवायला निघाल्या,
गाळ उपसताना मूठभर शिसं आलं, पांढरट, खाल्लेलं.
त्यातला एक खिळा घेऊन गेलो.
त्यांना दिसत नव्हतं तोवर. बोटानं चाचपत राहिले.
‘ळ आहे?’
‘हो.’
‘उलटा की सुलटा, काही कळत नाही बघ याचं. दोन्हीकडून तोच.’
‘जवळजवळ,’ मी म्हटलं.
हसले. मग विचारलं, पहिल्यांदाच,
‘तू हल्ली राहतोस कुठे?’

सात ओळींत नळ नव्हता, चाळ नव्हती.
एका जागी ‘सकाळी’ होतं, सकाळी सहाच्या सुमारास.
तिथे तो लावला.
ठसा फुटका उठला. प्रूफ तपासणाऱ्यानं
समासात खूण केली, अक्षर बदला.

मी बदललं नाही.