ठीक

सकाळी आठला पाळी बदलते.
भवानी पेठेत लाकडाच्या वखारींना अजून कुलपं,
केंद्रासमोर हातगाडीवर पोह्यांना वाफ,
आणि मी शलाका ढमढेरेला सांगतो,
आधी हातमोजे काढ.
हो, काढ. चालवताना घाल.
तपासताना बोटांना दिसू दे.

चकती उजेडात धर. फिरव. कडेनं नख ने.
केसाएवढी चीर असली तरी नख अडखळतं.
मधल्या कड्यावर तारीख असते, ती वाच,
दुधाच्या पिशवीसारखी चकतीलाही मुदत असते.
आणि पेट्रोलच्या कॅनशेजारी राहिलेली असेल
तर मुदत बघायचीही गरज नाही, बाद.
वास पिऊन आतून भुसभुशीत होते,
वरून कोरीच दिसते.

पट्टा अंगठ्यानं दाब.
वाळत घातलेल्या धोतराच्या दोरीइतपत, त्याहून सैल नको.
नट पान्यानं. गार्ड हलतं का बघ,
हलायला हवं,
पण तू हलवशील तेव्हाच.
ऑइल पन्नासाला एक. अंदाजे ओतू नकोस,
अंदाज फोडणीत चालतो.

ती हसते, लिहून घेते.
शिक्रापूरहून पहिल्या एसटीनं येते.
वडील विचारतात म्हणे,
आग नसते तेव्हा दिवसभर करता काय तुम्ही?

आता फिल्टर.

त्या वर्षी खंडेनवमीला
सगळी अवजारं सतरंजीवर मांडली होती,
कुऱ्हाडी, पहारी, होजची पितळी तोंडं,
हळद, कुंकू, प्रत्येकापुढे एक पेढा,
कटरला तर झेंडूची दुहेरी माळ.
नारळ मी फोडला.
रजिस्टरही मीच भरलं : कटर, ठीक.
दोरी ओढली नव्हती.
सणाच्या दिवशी धूर कशाला, म्हटलं.

रात्री अडीचला रविवार पेठ.
कागदी पिशव्यांचं दुकान, शटर खाली,
शटरच्या आत ताहेरभाई.
आतून थापा.
दोरी ओढली. कटर खोकला.
पुन्हा.
पुन्हा.
अकरा वेळा.
थापा मी मोजत नव्हतो,
पण त्या विरळ होत चालल्यात एवढं ऐकू येत होतं.
मग धुमाळनं झाकण उपटलं, फिल्टर ओढून रस्त्यावर फेकला,
आणि बाराव्यांदा
पत्र्यातून ठिणग्या निघाल्या.

पहाटे तो फिल्टर मी गटाराच्या कडेला शोधला.
घडीत अडकलेली झेंडूची पाकळी,
आणि ऑइलमध्ये कालवलेलं कुंकू,
भिजवलेल्या मेंदीसारखं.
खिशात घालून आणला. कुणाला दाखवला नाही.
धुमाळनं विचारलं नाही.

ताहेरभाई वाचले.
दर दसऱ्याला येतात, घरचा मलिदा घेऊन.
"तुम्ही वेळेवर आलात," म्हणतात सगळ्यांसमोर,
घोगऱ्या आवाजात.
आवाज तेव्हापासून तसाच आहे.
मी मलिदा खातो.

हे सगळं मी शलाकाला सांगितलं नव्हतं,
पण आज फिल्टर हातात घेऊन
बराच वेळ गप्प राहिलो असेन,
तिनं विचारलं, आणि तोंडातून गेलं.
मग ती म्हणाली, आता पूजा करत नाही का, साहेब?

करतो की.
झेंडू घालतो, हात जोडतो.
माळ उतरली की झाकण उघडतो, ब्रशनं झाडतो,
दोरी ओढतो, सतरंजीवर धूर होऊ देतो.
पेढ्यांना पेट्रोलचा वास लागतो, पोरं कुरकुरतात.

रजिस्टरचा रकाना बोटाच्या पेराएवढा आहे.
दोन अक्षरं बसतात त्यात, आरामात.

ती पाय मागच्या दांड्यावर रोवते, ओढते.
एकदा. खोकला.
दुसऱ्यांदा सगळं आवार थरथरतं,
पत्र्यावरची कबुतरं उडतात,
पोहेवाला झाऱ्यासकट हात कानावर नेतो.

बंद करते. चकती पुरती थांबेपर्यंत उभी राहते.
पेन तिच्या कानावर आहे,
ते घेत नाही लगेच.
खाली वाकून नट
अजून एकदा बघते.