परतीचे आठ

पुंता अरेनासला आधी वारा, मग रस्ता.
नोल्फा बार्रिया, वय त्रेपन्न,
खेकड्यांच्या कारखान्यातून सुटते
आणि बोटांना वास तसाच घेऊन धावत सुटते.

जाताना वारा पाठीशी.
आठ किलोमीटर, कुणी ढकलत नेल्यासारखे.
ते ती वहीत धरत नाही.

दीपस्तंभापाशी वळली की
तोंडावर वाळू, एक डोळा मिटलेला,
कोपऱ्यावरच्या खांबाला क्षणभर मिठी.
ओस्वाल्दो गाडी हळू करतो: बैस, सोडतो घरी.
ती नुसती मान हलवते.
नाही म्हणायलाही श्वास लागतो.

दारात बूट काढताना
डाव्या अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं.
तिने ते खिडकीत ठेवलं.
वहीत लिहिलं: आठ.

शर्यत मे महिन्यात.
नख बहुतेक जूनपर्यंत येईल.