झूल

सोत्कामोत उणे बावीस. आयलानं औलूहून फोन केला,
"घोड्यांना झुली घातल्यास ना, आत्या?"
नाही घातल्या.
तिच्या तबेल्यातली घोडी भादरलेली असतात,
त्यांना झुलीवर झूल, पट्टे, बकलं, पोरींच्या आवडीचे रंग.
आमची सप्टेंबरपासूनच अस्वलं व्हायला लागतात.

झूल पडली की केस चापून बसतात,
मधली हवा जाते. ती हवा हीच तर रजई.
त्यापेक्षा गवत टाक दुप्पट.
घोड्याची शेगडी पोटात असते, आर्वो म्हणायचा,
आणि स्वतः तीन स्वेटर चढवून
टाकीवरचा बर्फ फोडायचा.

सकाळी कुंपणाशी गेले.
पाठींवर रात्रीचा बर्फ, बोटभर, कोरडा,
छपरावर राहतो तसा.
म्हणजे ऊब घरातच आहे.
मोजत गेले. एक, दोन, चार.

पाचवी हिल्मा.
एकोणतीस वर्षांची, दाढा झिजलेल्या,
गवताचे बोळे करून थुंकते.
तिची पाठ ओली, काळी, वाफाळती.
बर्फ तिच्यावर ठरतच नव्हता.

आयलाला काही कळवलं नाही.
आर्वोनं हट्टानं आणलेली झूल माळ्यावर होती,
एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
आधी पोत्यानं पाठ पुसली, बराच वेळ.
बकल लावायला मोजे काढावे लागले.

दुपारी झुलीखाली हात घालून पाहिला.
घाम नाही. थरथर नाही.
तपासून झालं होतं,
तरी हात तिथंच ठेवला थोडा.
माझाच गार होता.