पाटकऱ्याची रजा

पहाटे उठले तेव्हा वरचा ओठ माझा नव्हता.
उजवा डोळा शिवल्यासारखा मिटलेला,
गाल तटतटलेला.
खाज नाही, पित्ताच्या गांधी नाहीत,
दुखतंय म्हणावं तर तसं दुखतही नाही.

बेदाण्याच्या शेडवर बाया आधी हसल्या,
मग एकीनं हळूच विचारलं,
नवऱ्यानं मारलं का गं?
मालक म्हणाला, गंधकाची धुरी तुला सोसत नाही,
उद्यापासून काड्या काढायला बस.
ढालगावच्या डॉक्टरनं ॲलर्जीचं इंजेक्शन टोचलं.
तिसऱ्या दिवशी सूज गेली,
इंजेक्शनानं नव्हे, तिच्या मर्जीनं.

मग ती येत राहिली.
कधी हातावर, बांगड्या कापाव्या लागल्या.
कधी पोटात,
तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही
आणि सासूला वाटतं, सुगीच्या दिवसांत बरं दुखतं हिला.
अपेंडिक्स काढून झालं.
दुखणं आत होतं तिथंच राहिलं.

नऊ वर्षांनी मिरजेला
डॉक्टर मुजावरबाईंनी जीभ बघितली, फाईल मिटली
आणि विचारलं,
घरात कुणाचा गळा असा बंद झाला होता का?

कुणीच विचारलं नव्हतं हे.

सोनाक्का. माझी आत्या.
कवठ्याहून दाढ काढून आली,
दिवेलागणीला जीभ तोंडात मावेना,
कोंबडा आरवायच्या आत गेली.
तेवीस वर्षांची.
कारण गावानं दोन दिवसांत शोधून काढलं:
त्या दुपारी शेजारच्या हौसाकाकूनं
तिला तांब्याभर ताक दिलं होतं.

बाई म्हणाल्या, म्हैसाळचं पाणी येतं ना तुमच्याकडं?
पाटावर एक चावीवाला असतो,
वेळ झाली की दार लावतो.
रक्तातही असतो तसा एक, प्रथिन म्हणतात त्याला.
तुमच्यात तो जन्मापासून कमी.
दार उघडं राहतं,
पाणी नको त्या रानात शिरतं.
ही ॲलर्जी नव्हे, म्हणून ती इंजेक्शनं लागू पडली नाहीत.
यावरचं औषध वेगळं आहे. महाग आहे. सगळीकडं मिळत नाही.
गळा भरतोय वाटलं तर उजाडायची वाट बघायची नाही, निघायचं.
दात काढायच्या आधी हे कार्ड दाखवायचं.
आणि मुलीचं रक्त घेऊन या,
असेल किंवा नसेल, निम्मं निम्मं.

रात्री मी झोपलेल्या पोरीच्या ओठांवर बोट ठेवलं.
काय मोजत होते माहीत नाही.

सकाळी कार्ड घेतलं, किलोभर बेदाणा घेतला,
गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं गेले.
त्या ताकानंतर तिला गल्लीत कुणी राहू दिलं नव्हतं.
लहान होते मी. तिच्या पत्र्यावर
मीही दगड मारला होता एक.
नेम लागला म्हणून खूश झाले होते.

आता कशाला आलीस?
मी रक्तातलं दार सांगितलं, चावीवाला सांगितला,
बोलता बोलता मलाच कळेना कुठं थांबावं.
हौसाकाकूनं कार्ड हातात घेतलं, उलटं धरलं,
खूप वेळ बघत राहिली.

यात माझं नाव कुठं लिवलंय?

नाही लिहिलेलं, काकू.

कुठंच न्हाई?

कुठंच नाही.

बरं, म्हणाली.
दात नव्हते तिला.
माझ्या बेदाण्यातली एक मूठ तिनं वाटीत टाकली,
वर पाणी ओतलं.
ते फुगेपर्यंत
आम्ही दोघी उंबऱ्यात बसून राहिलो.