एक वीत, वर एक बोट

देबाच्या खोऱ्यात डोंगर इतके जवळ सरकलेत
की कारखान्यांनी नदीच्या अंगावरच पाय टेकलेत.
खिडकीखाली पाणी, खिडकीच्या आत
दोनशे टनी प्रेस. अकरा वर्षांपूर्वी मीच आखलेला.

आज मी आले आहे त्याचं थांबणं मोजायला.
चालणं कुणीही मोजतं:
मिनिटाला ठोके किती, पाळीला बिजागऱ्या किती.
थांबण्याकडे कुणी बघत नाही.

हिशेब सोपा आहे.
माणसाचा हात सेकंदाला दोन मीटर धावतो, असं धरायचं.
प्रकाशाचा पडदा तुटल्यापासून प्रेस निपचित होईपर्यंत
एकशेवीस मिलिसेकंद.
गुणाकार करा: दोनशे चाळीस मिलिमीटर.
एक वीत, वर एक बोट.
एवढं अंतर राखलं की हात पोचण्याआधी
लोखंडाला शहाणपण सुचतं.

तारांचंही सांगते.
संकट आलं की ओरडेल अशी तार मी कधी ओढली नाही.
माझ्या तारा उलट्या काळजाच्या.
सगळं ठीक असेतोवर म्हणत राहतात
आहे, आहे, आहे,
आणि गप्प झाल्या की
(स्क्रू ढिला झाला, उंदराने कुरतडलं, कुणाचं कोपर आत गेलं)
प्रेस कारण विचारत नाही, थांबतो.
तारा दोन, रिले दोन,
एका घरातल्या जावांसारखे:
एकीने झाकलं तरी दुसरी सांगणारच.

इतकं सगळं केलं.
आणि आज आकडा आला एकशेऐंशी.

पुन्हा मोजलं. दहा वेळा मोजलं.
ब्रेकची अस्तरं झिजून गुळगुळीत झालेली,
म्हणजे तीनशे साठ मिलिमीटर हवेत,
आणि पडदा अजून दोनशे चाळीसवरच उभा,
हिरवा दिवा लावून, प्रामाणिकपणे खोटं बोलत.
ब्रेक झिजला की सांगेल असं उपकरण होतं तेव्हाही.
कोटेशनच्या शेवटच्या ओळीत मी ते लिहिलं होतं,
पुढे शब्द: ऐच्छिक.

इरिओन्दोसाहेब म्हणाले,
नवे ब्रेक यायला पाच आठवडे.
पडदा मागे घेतलास तर एनाराला दर पत्र्यामागे अर्धं पाऊल जास्त,
दिवसाला सोळाशे पत्रे, तूच कर गुणाकार.
एनारा हातमोजे काढत होती. काही बोलली नाही.

बोलला तो स्टोअरवाला बालेन्दिन,
निवृत्तीला सहा महिने राहिलेला.
जत्रेच्या दिवशी हा गावच्या भिंतीवर
उघड्या पंजाने चेंडू मारायचा,
लोक त्याच्यावर पैज लावायचे.
एकोणऐंशी साली जुन्या प्रेसने
उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका नेली.
'दोन मीटर?' तो म्हणाला. 'गराझी, माझा हात
याहून वेगात जायचा.'

काय सांगणार त्याला?
की तो आकडा त्याचा नाही, कुणाचाच नाही,
पुष्कळ हातांमधून गाळून काढलेला आहे,
आणि गाळणीवर जे उरतं त्याला नाव असतं?

मी जमिनीवर खडूने तीनशे साठची रेघ ओढली.
तो गुडघ्यावर बसला,
साच्याखालच्या कडेला अंगठा लावून पंजा ताणला.
वीत पुरी होईना,
मधल्या बोटावरच संपली.
तिथून पुन्हा अंगठा, पुन्हा पंजा.
दोन विती,
रेघेच्या पलीकडे तीन-चार बोटं.

'इथे लाव,' म्हणाला, आणि उठताना
एनाराच्या हाताचा आधार घेतला.

पडदा आता चारशेवर आहे.
अहवालात एक रकाना असतो: जादा अंतराचं कारण.
तो मी तीन दिवस कोरा ठेवला.
पाच आठवडे एनारा मला शिव्या देईल,
सोळाशे वेळा,
दोन्ही हातांची बोटं मोडून.